एक कोठीवाला, दोन दारं

सासूबाईंचा फोन नेहमीसारखा बायकोच्या फोनवर आला, आणि नेहमीसारखा तो थोरल्या जावयासाठी होता.

"थोरले उचलत नाहीयेत," सासूबाई म्हणाल्या. "तुझी ताईपण नाही. निरोप दे त्यांना. म्हणावं, कॉम्प्युटरमधलं हिरवं सगळं पिवळं झालंय."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती, म्हणून फोन स्पीकरवर होता. तिच्यासमोर, त्याच पलंगावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन धाकटा जावई बसला होता. कॉम्प्युटरला कामाला लावणं हाच त्याचा धंदा. शिक्षण त्यातलं, नोकरी त्यातली, पाठदुखीही त्यातलीच. पण लग्न झाल्यापासून सासरच्या कॉम्प्युटरबद्दल त्याला कुणी अवाक्षर विचारलं नव्हतं. प्रिंटर अडला की थोरले. इंटरनेट गेलं की थोरले. थोरला बँकेत होता आणि त्याला एक्सेल येत होतं, एवढ्या भांडवलावर तो त्या घराचा तज्ज्ञ होऊन बसला होता.

"आई, हा बसलाय की इथे," बायको म्हणाली.



"अगं, त्यांना कशाला त्रास," सासूबाई म्हणाल्या. "ते मोठ्या कंपनीत आहेत."

धाकट्यानं लॅपटॉप मिटला. माणसाला एवढ्या आदरानं बाजूला सारलेलं त्यानं ऑफिसातही पाहिलं नव्हतं. "आई," तो फोनकडे वाकून म्हणाला, "ते हिरवं-पिवळं सोडून द्या. मी नवीन करून देतो. कायमचं."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "पण थोरल्यांना विचारून करा."

ठेव

सासरचं घर एक, पण त्याला रस्त्यावर उघडणारी दारं दोन. डाव्या दारात सासूबाईंचं पार्लर, उजव्या दारात सासऱ्यांचा जनावरांचा दवाखाना. मध्ये बोळ, आणि बोळात दोघांत मिळून एक कॉम्प्युटर. थोरल्यानं त्यांना एकच एक्सेलची फाइल करून दिली होती. पार्लरच्या बायका पिवळ्या ओळीत, जनावरं हिरव्या ओळीत, आणि घरची माणसं निळ्या. इतकी वर्षं त्यावर भागलं होतं, कारण सासऱ्यांनी माउसला हात लावला नव्हता. परवा लावला.

"साधं कर हं," बायको म्हणाली. "दोन याद्या, दोन बटणं. संपलं."

"म्हणजे एकच गोष्ट मी दोनदा लिहू?" धाकट्यानं विचारलं. तोंडासमोर हात न धरता शिंकायला सांगितल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

त्याचं दुखणं जरा समजून घ्यायला हवं. माहिती ज्या कोठारात राहते तो डेटाबेस. कोठारात कुणी उठून स्वतः शिरत नाही. दारात एक माणूस बसवतात. दिलेलं तो आत ठेवतो, मागितलेलं बाहेर आणतो. या माणसाला धाकट्याच्या धंद्यात रिपॉझिटरी म्हणतात. आपण कोठीवाला म्हणू. कुणीही शहाणा माणूस दोन कोठारांना दोन कोठीवाले ठेवून जेवायला गेला असता. धाकट्याला मात्र एकच हवा होता, पण सर्वगुणसंपन्न. त्याच्या हातात कुत्रा द्या, कुरळे केस द्या. या कोठारात पाठवा, त्या कोठारात पाठवा. तो कुरकुर न करता जाईल. असल्या कोठीवाल्याला जेनेरिक म्हणायचं. तो एकदा घडवला की जन्माची निश्चिंती, असं धाकट्याच्या ऑफिसात सगळे मानत. तिथे तसा कुणी अजून घडवून झाला नव्हता, तरी मानत.

त्यानं पहिली ओळ लिहिली.

*// कोठीवाला<काहीही>: कोणतीही वस्तू घेईल, कोणत्याही कोठारात ठेवेल. उद्या तिसरं कोठार आलं तरी एक अक्षर बदलावं लागणार नाही.*

तिसरं कोठार कुणी मागितलं नव्हतं.

मग माणूस आणि जनावर यांच्यात सारखं काय, हे तो शोधत बसला. शोधता शोधता त्याचा उत्साह वाढत गेला, कारण जवळजवळ सगळंच सारखं निघालं. नाव दोघांना. केस दोघांना. पुढची तारीख दोघांना, आणि आदल्या दिवशी फोनवर आठवणीचा निरोप धाडायचा तोही दोघांना. थोरल्याच्या फाइलीत जनावरांपुढे 'स्वभाव' असा रकाना होता आणि बायकांपुढे 'शेरा' असा.

"एकच की दोन्ही," धाकटा म्हणाला, आणि 'शेरा' खोडून सगळीकडे 'स्वभाव' केलं.

"आईनं शेऱ्यात काय काय लिहिलंय ते वाचलंस का?" बायकोनं विचारलं.

"आत काय आहे ते कोठीवाल्यानं बघायचं नसतं," तो म्हणाला. "तेच तर त्याचं सौंदर्य."

आता चूक सांगायची. ती एवढीशीच होती. ठेवायला निघालेला कोठीवाला 'कोणत्या कोठारात?' असं विचारत असे, आणि त्याला उत्तर मिळे, 'ओळख करून दिलेल्या.' ओळख धाकट्यानं दोन्ही कोठारांची करून दिली होती. सासूबाईंचा मान म्हणून पार्लरची आधी, सासऱ्यांच्या दवाखान्याची नंतर. पण कोठीवाल्याला मानपान कळत नाही. शेवटी ज्याच्याशी ओळख झाली तेवढंच त्याच्या डोक्यात राहिलं. त्यामुळे जे हाती येईल ते तो दवाखान्यात नेऊन ठेवी. आणि काहीही मागितलं की दवाखान्यातूनच काढून आणी, म्हणून कुणाला संशय आला नाही. धाकट्यानं पार्लरमध्ये एक खोटी बाई भरून पाहिली. मागितली, मिळाली. दवाखान्यात खोटा कुत्रा भरला. मागितला, मिळाला. दोघं आत शेजारी शेजारी बसलेत, हे बघायला तो कशाला जातोय.

शोध

बसवायच्या दिवशी थोरला मुद्दाम रजा टाकून आला. त्यानं जुनी, न बिघडलेली प्रत शोधून आणली होती. पिवळ्या ओळी दिल्या, हिरव्या दिल्या, आणि पेनड्राइव्ह परत खिशात टाकला.

"निळ्या?" धाकट्यानं विचारलं.

"त्या घरच्या. तुम्ही, आम्ही, माझी आई. घरच्यांना कसली आठवण पाठवायची?" थोरला म्हणाला. "आई तर काय, बोलवायच्या आत येते."

सासूबाई घशात केस गेल्यासारख्या खाकरल्या आणि पार्लरमध्ये निघून गेल्या.

"छान आहे," थोरला पडद्याकडे बघत म्हणाला. "रंग नाहीत, पण छान आहे. माझी फाइल खिशात असते. लागली तर सांगा."

"लागणार नाही, दादा."

"नाहीच लागणार. मी आपलं म्हटलं."

सासरे दारात उभे होते. ते माणसांशी फारसं बोलत नसत. त्यांनी नव्या पडद्याकडे बघून मान डोलावली, आणि धाकट्याच्या पाठीवर, मानेच्या जरा खाली, दोन थापा मारल्या. इंजेक्शन दिल्यावर ते कुत्र्यांना मारत, त्याच जागी. धाकटा घरी जाईपर्यंत शीळ वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठवणीचे निरोप आपोआप सुटले. ठेवलेल्या वस्तूच जर सगळ्या दवाखान्यातल्या, तर निरोपाचा मजकूरही दवाखान्याचाच जाणार. सासूबाई गिऱ्हाइकांना नावानं नाही, कामानं ओळखत, आणि तसंच लिहीत. त्यामुळे शहरातल्या एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला, शिक्षकांची सभा चालू असताना, पुढील निरोप मिळाला:

*नमस्कार. आपल्या 'शाळेच्या बाई' हिची पुढची तारीख उद्या आहे. केस: गळतात. स्वभाव: मान हलवते, दोघींनी धरावं लागतं. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवावे. पट्टा बांधून उजव्या दाराने आणावे. मुक्या जिवांची काळजी, हाच आमचा आनंद.*

बायकोचा फोन वाजला. आणि आक्रीत घडलं.

"धाकट्यांना दे," सासूबाई म्हणाल्या.

बायकोनं फोन पुढे केला. धाकट्यानं शर्ट सारखा केला, जणू तो दिसणार होता. "बोला, आई."

"जावईबापू, शाळेच्या बाईंना पट्टा का बांधायचा?"

"काय?"

"आणि वकिलीणबाई विचारतायत, स्वभाव 'सतत तोंड चालू' हे कुणी कळवलं. मी म्हटलं, मशीननं. त्या म्हणतात, मशीननं दाव्याला उत्तर द्यावं."

बदल

दुरुस्ती अगदी सोपी होती. दर वेळी कोठीवाल्याला कोठाराचं नाव सांगायचं. 'पार्लरमध्ये जा.' 'दवाखान्यात जा.' झालं. पण मग कोठीवाला जेनेरिक कसला? मग तो साधा सांगकाम्या. धाकट्याच्या मनाला ते पटेना. त्यापेक्षा त्यानं कोठीवाल्याला अक्कल द्यायचं ठरवलं.

"त्याला स्वतःलाच ओळखता आलं पाहिजे, हातात काय आहे ते," तो बायकोला म्हणाला.

"कशावरून ओळखणार?"

"वजन. बाबा जनावरांची वजनं लिहितात. आई बायकांची लिहीत नाहीत. वजन असेल तर दवाखाना, नसेल तर पार्लर."

"बाबा सगळ्या जनावरांची वजनं करतात?"

"डॉक्टर आहेत ते," धाकटा म्हणाला.

सासरे फक्त मोठ्या कुत्र्यांची वजनं करत. मांजर, ससा, पोपट यांना ते हातात घेऊन अंदाज घेत आणि रकाना रिकामा सोडत. नवी अक्कल आलेल्या कोठीवाल्यानं सगळ्या बायका अचूक उचलून पार्लरच्या कोठारात नेल्या, आणि त्यांच्या मागोमाग मांजरं, ससे आणि एक पोपट. धाकट्यानं घाईघाईनं माफीचा निरोपही सोडला, आणि त्याच्याबरोबर पार्लरचा नेहमीचा मजकूर सुटला. तो पोपटाच्या मालकांना, म्हणजे एका निवृत्त न्यायाधीशांना, पोचला. त्यांच्या 'साहेब' नावाच्या पोपटाला उद्देशून त्यात लिहिलं होतं: *प्रिय साहेब, झाल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. अंगावरचे नको असलेले केस काढण्याची तुमची वेळ झाली आहे. उद्या डाव्या दाराने यावे. तुम्ही मुळात सुंदरच आहात.*

बायकांचं म्हणाल तर माफीचा निरोप त्यांनाही मिळाला, पण तो कुणी वाचला नाही. पहिला निरोप एकमेकींना दाखवण्यात त्या गुंतल्या होत्या.

ठेव, शोध, बदल, सगळं एकदम

दुसऱ्या दिवशी धाकटा आणि बायको पोचले तेव्हा उजव्या दारासमोर बायकांची रांग होती आणि डाव्या दारासमोर मांजरांची. थोरला आधीच आलेला. खिशातल्या पेनड्राइव्हवर हात ठेवून तो असा उभा होता, जणू घर पेटल्यावर बादली घेऊन तोच पुढे होणार होता.

"मी काही बोललो का?" तो म्हणाला.

"नाही, दादा."

"बोलणारही नाही."

शाळेच्या बाई रांगेत पहिल्या होत्या. फोन त्यांनी उत्तरपत्रिकेसारखा समोर धरला होता. "डॉक्टर कुठे आहेत? मला विचारायचंय. दोघींनी धरावं लागतं, म्हणजे काय?"

सासूबाई पार्लरच्या पडद्याआड गेल्या त्या बाहेर यायचं नाव घेईनात. अखेर सासरे बाहेर आले. एवढ्या बायकांशी काय बोलायचं ते त्यांना कळेना, म्हणून येत होतं तेच ते बोलले. "हं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "हं, हं. काही नाही. झालं, झालं. बस. बस बघू."

धाकट्यानं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा शाळेच्या बाई बाकावर बसल्या होत्या.

"मान कधीपासून दुखते?" सासऱ्यांनी विचारलं.

बाईंचा फोन खाली आला. "तुम्हाला कसं कळलं?"

"उगाच कुणी मान हलवत नाही."

"केस धुताना ते बेसिन टोचतं हो मानेला. किती वर्षं झाली. पण यांना सांगणार कोण?" बाईंनी पडद्याकडे हनुवटी उडवली. पडदा हलला.

वकिलीणबाई आपली पाळी येईपर्यंत थांबल्या नाहीत. स्वभावाचा मुद्दा मान्य आहे, पण तो लेखी द्यायला नको होता, असं त्यांनी सांगितलं, आणि मग घरी कुणी ऐकून घेत नाही इथपासून सुरुवात करून बोलतच राहिल्या. सासरे "हं, हं" करत राहिले. त्यांना सवय होती. त्यांचे बाकीचे रुग्णही बोलू लागले की थांबत नसत.

डावीकडे एका मांजरीचा मालक हटून बसला होता. तारीख दिली आहे तर काहीतरी करून द्या, असं त्याचं म्हणणं. सासूबाईंनी, बायकांपुढे जाण्यापेक्षा हे बरं म्हणून, मांजरीच्या पाठीवरचा गुंता विंचरायला घेतला. मांजर डोळे मिटून पडून राहिलं. "किती शहाणं," सासूबाई म्हणाल्या. "मान नाही, तोंड नाही." मग जीभ चावून त्यांनी आवाज खाली आणला.

एकूण प्रकरण निवळायच्या बेतात होतं. धाकट्यानं बोळात जाऊन कॉम्प्युटर सुरू केला.

पूस

हे बटण थोरल्यानं दाबलं. "चुकीच्या नोंदी आधी काढून टाकू, मग मी माझ्या फाइलीतून भरतो," असं म्हणून दाबलं. कोठीवाल्यानं विचारलं, 'काय पुसू?' पडद्यावर आधीच लिहिलेलं होतं, 'काहीही.' 'कुठलं?' 'कोणतंही.' कोठीवाला कुरकुर न करता गेला आणि दोन्ही कोठारं झाडून आला.

या विषयावर त्या घरात अजून कुणी बोलत नाही.

पेनड्राइव्हवर होती ती थोरल्यानं सगळ्यात शेवटी सेव्ह केलेली प्रत. हिरवं सगळं पिवळं झालेली.

"आणि चांगली प्रत?" धाकट्यानं विचारलं.

थोरल्यानं खिशात हात घातला. खिशात आता काही नव्हतं. "इथली ताजी फाइल म्हणून तिच्यावरच तर ही सेव्ह केली," तो म्हणाला.

म्हणून त्या दुपारी सगळं घर बोळात बसलं. बायको एकेक पिवळी ओळ वाचे आणि बाकीचे ती माणूस की जनावर ते ठरवत.

"केस दाट, काळे. कात्री दिसली की ओरडते."

"माझी," सासूबाई म्हणाल्या.

"अंगाला हात लावू देत नाही. खाऊ दिला की गप्प."

सासूबाई आणि सासरे दोघांनीही हात वर केला. ती ओळ बाजूला ठेवण्यात आली.

"स्वभाव अतिशय चांगला. कधी त्रास नाही."

"यांच्याकडचं," सासूबाई पटकन म्हणाल्या.

अंधारायच्या आत शेवटची ओळ जागेवर बसली. थोरल्यानं चहा केला, आणि तो बरा झाला होता. पुढच्या आठवड्यात धाकट्यानं दोन याद्या आणि दोन बटणं करून दिली. दोन साधे कोठीवाले, दोघांना आपापल्या दाराखेरीज काही ठाऊक नाही. सारखाच मजकूर त्यानं दोनदा लिहिला. दुसऱ्यांदा लिहिताना तो खिडकीबाहेर बघत होता. सासूबाईंनी बेसिनला मऊ कड लावून घेतली. शाळेच्या बाई आता मान हलवत नाहीत. आणि सासरचा प्रिंटर पुन्हा अडला तेव्हा फोन थोरल्याला गेला.

धाकट्यानं ते मनाला लावून घेतलं. बायको म्हणाली, "सोड ना." तो म्हणाला, "सोडलंय." आणि दोन दिवस तेच बोलत राहिला.

मग एका सकाळी त्याचा स्वतःचा फोन वाजला. पडद्यावर 'सासूबाई' असं आलं, आणि ते त्या फोनवर असं दिसतं हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

"थोरल्यांचा लागत नाहीये का?" त्यानं सवयीनं विचारलं.

"लागतो की," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण हे त्यांना सांगण्यासारखं नाही. जावईबापू, एक विचारू? त्या दिवशी एवढ्या जणींना निरोप गेले. थोरल्यांच्या आईंना कसा नाही गेला?"

"त्या निळ्या होत्या, आई. घरच्या ओळी मी घेतल्याच नव्हत्या."

"तरीच," सासूबाई म्हणाल्या. मागे ड्रायर चालू झाला, बंद झाला. "दर आठवड्याला येतात. दोन तास बसतात. केस रंगवतात आणि चारचौघींत सांगतात, माझे मुळातच काळे. इतकी वर्षं मी 'हो हो' म्हणतेय. विहीणबाई आहेत, बोलायची सोय नाही."

"मग शेरा काय लिहिलाय त्यांच्यापुढे?"

"लिहिणार कसा? फाइल थोरल्यांची. पण पाठ आहे माझा. सांगते, तुम्ही उतरवून घ्या."

धाकट्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "आई, म्हणजे मी मुद्दाम..."

"मुद्दाम नको हो," सासूबाई म्हणाल्या. "मुद्दाम बरं दिसत नाही. चुकून जाऊ दे. तुमच्याकडून जातो तसा."

फोन ठेवून धाकट्यानं लॅपटॉप मांडीवर ओढला. खूप दिवसांनी त्याची पाठ ताठ होती.

"काय म्हणत होती आई?" घड्या घालता घालता बायकोनं विचारलं.

"काही नाही," धाकटा म्हणाला. "तिसरं कोठार आलं."